आधी गाठीचं नाव

मुतखड्यासाठी सोनोग्राफी होते. मूत्रपिंडांचा मजकूर संपतो आणि कागदाच्या तळाशी कुणाच्या ध्यानीमनी नसलेली ओळ येते: स्वादुपिंडाच्या शेपटीत साडेचार सेंमीची पाण्याने भरलेली गाठ. अशा ओळी हल्ली पुष्कळ निघतात. सोनोग्राफी तालुक्यापर्यंत पोचली, सीटी स्कॅन सहज होऊ लागलं, आणि ज्या गाठी पूर्वी माणसाबरोबर निमूट जगून निमूट जात, त्या आता कागदावर येतात. मग गारगोटीहून, आजऱ्याहून, निपाणीकडून माणसं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून कोल्हापूर गाठतात. खुर्चीवर टेकल्या टेकल्या विचारायचा प्रश्न ठरलेला असतो, "बिनटाक्याचं हुईल न्हवं?"

प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा. पहिला प्रश्न, ही गाठ कशाची? दुसरा, तिला हात लावायलाच हवा का? छिद्रं किती पाडायची, हे त्यानंतर. या क्रमाची उलटापालट झाली की दुर्बिणीतून अतिशय सफाईने चुकीचं ऑपरेशन होतं.

स्वादुपिंड म्हणजे पंधरा सेंमी लांबीची, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची मऊ ग्रंथी. ती जठराच्या मागे, मणक्यावर आडवी पसरलेली असते. डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, शेपूट डाव्या बाजूला पानथरीला (प्लीहेला) टेकलेलं. ग्रंथीच्या मानेमागून आतड्यांचं रक्त यकृताकडे नेणारी जाड शीर जाते. वरच्या काठाने पानथरीची धमनी नागमोडी धावते, आणि मागच्या अंगाला चिकटून पानथरीची शीर. ग्रंथी रोज लिटर-दीड लिटर पाचकरस तयार करते. तो रस आतड्यात पडला तर अन्न पचवतो, आणि पोटात मोकळा सांडला तर आसपासचं मांस पचवायला लागतो. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या रसातून निघतात. तिथे टाका घालणं म्हणजे लोण्यात दोरा ओवणं, असं सर्जन म्हणतात. ज्यांनी ती ग्रंथी चिमट्यात धरली आहे, त्यांना ते पटतं.

आता गाठी. दिसायला सगळ्या पाण्याच्या पिशव्या, पण गोत्र वेगळं. सगळ्यात जास्त भेटते ती खरं तर गाठच नव्हे. तिला स्यूडोसिस्ट म्हणतात. स्वादुपिंडाला सूज येते, कधी दारूने, कधी पित्ताशयातल्या खड्याने, कधी माराने, आणि गळालेला रस जमून राहतो. त्याभोवती शरीर चार आठवड्यांत जाड भिंत बांधतं. भिंतीला आतून स्वतःचं अस्तर नसतं. जठर, आतड्याचा पडदा, जे शेजारी असेल त्याच्याच व्रणाची ती बनते. माराची तऱ्हा आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात दिसते. रात्री रस्त्यात उभ्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळते, हँडल बेंबीच्या वर पोटात रुततं आणि ग्रंथी मणक्यावर दाबली जाऊन मधोमध फाटते. पहिल्या काही तासांत रक्तातलं अमायलेज, म्हणजे ग्रंथीच्या रसातलं एक पाचकद्रव्य, सर्वसाधारण येऊ शकतं, पोट मऊ लागू शकतं. पोरगं "कायबी झालं न्हाई" म्हणून घरी जातं आणि महिन्याभराने फुगलेलं पोट घेऊन परत येतं. सायकलच्या हँडलवर पडलेल्या लहान मुलांचीही हीच गत. अशा माराच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायलाच हवं.

स्यूडोसिस्ट अनेकदा आपण होऊन आटते. वेदना, उलट्या, कावीळ, ताप किंवा वाढता आकार असेल, तरच तिचा निचरा करायचा, आणि तोही भिंत पक्की झाल्यावर. चार आठवड्यांच्या आत घाई केली तर टाका धरायला काही नसतं.

दुसरी गाठ म्यूसिनस सिस्टिक निओप्लाझम. ही जवळजवळ फक्त बायकांमध्ये, बहुधा चाळिशी-पन्नाशीत, ग्रंथीच्या धडात नाहीतर शेपटीत होते. आत डिंकासारखा चिकट द्रव, आणि अस्तराखाली अंडाशयासारखी पेशींची पट्टी. आज ती साधी असते, पण काही वर्षांनी त्याच अस्तरात कर्करोग उगवू शकतो. सोनोग्राफीवर मात्र ती हुबेहूब स्यूडोसिस्टसारखी दिसते. सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. स्यूडोसिस्ट समजून हिचं तोंड जठरात उघडून दिलं की अस्तर जागच्या जागी राहतं, चिकट द्रव पाझरत राहतो, जठरातले जंतू आत शिरतात, आणि रोगाचं बी तसंच. नंतर ती गाठ काढायला जावं तर जठर, ग्रंथी, रक्तवाहिन्या एकमेकांत गुरफटलेल्या. जी गाठ छोट्या छिद्रांतून अखंड निघाली असती, तिच्यासाठी पोट उभं उघडावं लागतं.

ही चूक टाळायला महागडं यंत्र लागत नाही, आधी नीट विचारपूस लागते. कधी पोटात असह्य दुखून दवाखान्यात भरती झालात का? दारू? पित्ताशयात खडे? पोटाला मार? चारही उत्तरं 'नाही' असतील, बाई मध्यम वयाची असेल आणि गाठ शेपटीत असेल, तर स्यूडोसिस्ट हा शब्द लिहिताना पेन थांबायला हवं. सीटीत आत पडदे दिसत असतील, कडेला अंड्याच्या कवचासारखा चुना साठला असेल, भोवती जुन्या सुजेची खूण नसेल, तर संशय आणखी पक्का.

विचारपूस आणि सीटीनेही उलगडा झाला नाही तर एमआरआय आणि त्यातच होणारी एमआरसीपी. तिच्यात ग्रंथीच्या मुख्य नळीशी गाठीचं नातं दिसतं. त्यापुढची पायरी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे तोंडावाटे जठरात नेलेली सोनोग्राफी. तिच्या सुईने गाठीतलं पाणी काढता येतं. त्या पाण्याचा थेंब हातमोजा घातलेल्या दोन बोटांत धरून बोटं फाकवली आणि सेंटिमीटरभर तार निघाली, तर ते म्यूसिन. जिलेबीच्या पाकाची तार बघावी तसंच. प्रयोगशाळेत सीईए हे प्रथिन १९२ नॅनोग्रॅमच्या वर आलं की गाठ म्यूसिनवाली असण्याकडे कल जातो. ग्लुकोज ५० मिलिग्रॅमच्या खाली आलं तरीही तसंच. अमायलेज २५० युनिटच्या खाली असेल तर स्यूडोसिस्ट जवळपास बाद. पाणी थोडंच निघालं तर ग्लुकोज आणि सीईए आधी लावून घ्यावं. आणि हे घरच्यांना आवर्जून सांगायला हवं: गाठीच्या पाण्यात सीईए वाढलेलं असणं म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. तो आकडा गाठीची जात सांगतो, तिची चाल सांगत नाही. हजारांतला आकडा बघून घरात रडारड सुरू झालेली असते आणि गाठ साधीच निघते.

तिसरी सीरस सिस्टॅडिनोमा. मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची, मध्ये कधी चांदणीसारखा व्रण. ती कर्करोगाकडे जवळपास कधीच वळत नाही. त्रास देत नसेल तर तिला राहू द्यावं. निदान पक्कं असताना ही गाठ केवळ दुर्बिणीने सहज निघते म्हणून काढणं मला अन्याय वाटतो, कारण ग्रंथीचा निरोगी तुकडा तिच्याबरोबर जातो आणि साखरेची भीती मागे राहते.

चौथी आयपीएमएन, नळीच्याच अस्तरातून उगवणारी, बहुधा साठीनंतरची. तिचे नियम आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००६ मध्ये सेंदाई, २०१२ मध्ये फुकुओका आणि २०२४ मध्ये क्योटो या जपानी शहरांच्या नावाने प्रसिद्ध केले. कावीळ, मुख्य नळी १० मिमी किंवा जास्त रुंद, गाठीच्या भिंतीवर ५ मिमी किंवा मोठा, स्कॅनचं रंगद्रव्य घेणारा कोंब, यातलं काही दिसलं तर ऑपरेशनचा विचार. बाकी नळीच्या छोट्या फांद्यांतल्या गाठींना ठरावीक अंतराने एमआरआय करत राहणं पुरतं. हे "बघत राहणं" आपल्या माणसांना फार जड जातं. शेतात तण दिसलं की उपटायचं, ही सवय. गाठ आहे आणि डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी या, याचा अर्थ डॉक्टरला जमत नाही, असा काढला जातो. खरं तर सत्तरीच्या माणसाच्या दोन सेंमीच्या गाठीला हात न लावण्याचा निर्णय घ्यायला जास्त अभ्यास लागतो.

आणि मग खरोखर दुर्मीळ गाठी. सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर ही विशी-तिशीतल्या मुलींची. व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ मध्ये तिचं वर्णन केलं. अर्धी घट्ट, अर्धी आत रक्त साकळून पोकळ झालेली. कळते तेव्हा कधी आठ-दहा सेंमीची झालेली असते आणि सीटी बघून छातीत धस्स होतं. पण पूर्ण, अखंड काढली तर बहुतेक सगळ्या मुली बऱ्या होतात. इथे घरचे आवाज खाली आणून विचारतात, "लग्नाचं काय?" उत्तर स्पष्ट द्यावं. शेपटीचं ऑपरेशन झालेल्या मुलीचं लग्न होतं, मुलं होतात. गाठ सहसा घराण्यातून आलेली नसते. वर्षाकाठी तपासणी मात्र चुकवायची नाही. लपवण्यासाठी म्हणून तपासणी बंद करणं, हाच तिचा खरा धोका.

धनगरवाड्यांकडून, मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातून येणाऱ्या रुग्णात आणखी एक नाव मनात ठेवावं, हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या जंतापासून होणारी गाठ. यकृतात ती नेहमीची, स्वादुपिंडात अगदी क्वचित. पण डोळे झाकून सुई घातली आणि तिचं पाणी पोटात सांडलं तर रक्तदाब कोसळण्याइतकी तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, आणि सांडलेल्या बियांतून नव्या गाठी उगवतात. म्हणून आधी रक्ताची चाचणी, अल्बेंडाझोल हे जंताचं औषध, आणि ऑपरेशनवेळी गाठीभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे.

आता दुर्बीण. मराठीत या एका शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. तोंडातून जठरात जाते ती दुर्बीण, आणि बेंबीतून पोटात जाते तीही दुर्बीण. पहिलीने स्यूडोसिस्टचा निचरा होतो. जठराच्या भिंतीतून गाठीत रुंद धातूची नळी बसवतात, बाहेर एकही छिद्र नाही. ही नळी साधारण तीन-चार आठवड्यांत काढायची असते, नाहीतर गाठ आटल्यावर तिची कड मागच्या रक्तवाहिनीला घासून रक्तस्राव होतो. "बरं वाटतंय, सुगी झाल्यावर बघू" म्हणून तारीख चुकवणारे रुग्ण नेमके याच फेऱ्यात सापडतात. दुसऱ्या दुर्बिणीने गाठ ग्रंथीच्या तुकड्यासह बाहेर काढतात. शेजारच्याचं "दुर्बिणीतून" एका दिवसात झालं आणि आपल्याला पाच दिवस का, याचं उत्तर बहुतेक वेळा या एका शब्दातच असतं. तेव्हा सरळ विचारावं: तोंडातून की पोटातून? निचरा की काढणं?

पोटातून, शेपटीकडची गाठ काढायची असेल तर तयारी दोन आठवडे आधी सुरू होते. पानथरी जाण्याची शक्यता असते, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तीन लसी किमान चौदा दिवस आधी. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आठवण झाली तर लसीचा उपयोग कमी होतो. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणीही आधीच, म्हणजे नंतर मधुमेह आला तर तो जुना की नवा हे कळतं.

टेबलावर रुग्ण उताणा, डावी बाजू थोडी उचललेली, डोक्याकडची बाजू वर. पोटात कार्बन डायऑक्साइड १२ मिमी पाऱ्याच्या आसपासच्या दाबाने. चार-पाच छिद्रं, त्यातली दोन १०-१२ मिमीची, उरलेली ५ मिमीची. आधी यकृत आणि पोटाचं अस्तर नजरेखालून घालायचं. मग जठर आणि मोठं आतडं यांमधला पडदा हार्मोनिकने, म्हणजे कापता कापता रक्त थांबवणाऱ्या यंत्राने, उघडायचा, जठराच्या काठाची रक्तवाहिनी शाबूत ठेवून. ती का जपायची, ते पुढे कळतं. जठर वर उचलून टाक्याने पोटाच्या भिंतीला टांगलं की ग्रंथी समोर येते. आतली सोनोग्राफी फिरवून गाठीची कड आणि नळी नक्की करायची, कारण दुर्बिणीत बोटाने चाचपता येत नाही. खालच्या काठाकडून ग्रंथीमागे हळूहळू बोगदा काढून पट्टी ओवायची आणि स्टेपलर, म्हणजे पिना मारून शिवणारं आणि कापणारं हत्यार, लावायचा.

स्टेपलर लावण्यात खरी परीक्षा धीराची. जबडा एकदम आवळला तर मऊ ग्रंथी चिरते आणि तिथून रस गळतो. म्हणून टप्प्याटप्प्याने, तीन ते पाच मिनिटं घेत दाबायचं, ग्रंथीतला ओलावा बाजूला सरकू द्यायचा आणि मगच चालवायचा. ग्रंथी फार जाड असेल तर कोणतंही काडतूस पुरत नाही. तिथे कापून टाके घालणं बरं.

पानथरी वाचवण्याच्या दोन वाटा आहेत. किमुरा यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पानथरीची धमनी आणि शीर दोन्ही ठेवतात. ग्रंथीकडून शिरेला मिळणाऱ्या केसाएवढ्या फांद्या एकेक करून बंद करतात. फांदी तुटली की समोरचा टीव्हीचा पडदा लाल होतो. अशा वेळी घाईने आंधळा क्लिप मारू नये. छोटा गॉज दाबून धरावा, सक्शन करावं, नीट दिसू द्यावं. बहुतेकदा एवढ्यानेच थांबतं. वॉर्शॉ यांची १९८८ ची पद्धत वेगळी: मुख्य धमनी-शीर कापायची आणि पानथरी जठराकडून येणाऱ्या छोट्या वाहिन्यांवर जगवायची. सुरुवातीला जठराच्या काठाची रक्तवाहिनी जपली, ती याचसाठी. ती आधीच जाळली असेल तर ही वाट बंद. पानथरी मोठी असेल तर ती या तुटपुंज्या रक्तावर तगत नाही. आणि कर्करोगाचा संशय असेल तर वाचवण्याचा हट्ट सोडावा.

गाठ फुटू द्यायची नाही, हा या ऑपरेशनचा सगळ्यात कडक नियम. ती पिशवीत घालून ओटीपोटावर, सिझेरियनच्या जागी पाचेक सेंमीच्या चिरेतून काढतात. तेव्हा "बिनटाक्याचं" हा शब्दही खरा नाही. टाके असतात, थोडे आणि लपलेले. सगळ्याला तीन-चार तास. मध्येच पोट उघडायचं ठरलं तर ते अपयश नव्हे. संमतीपत्रावर ती ओळ असतेच, पण ती घरच्यांना समजावून सांगितलेली असावी.

नेदरलँड्समधल्या २०१९ च्या लेपर्ड चाचणीत, शेपटीच्या ऑपरेशननंतर रुग्ण दुर्बिणीने चार दिवसांत उभे राहिले आणि पोट उघडून सहा दिवसांत. रसाची गळती मात्र दुर्बिणीने कमी झाली नाही. डोक्याकडच्या मोठ्या ऑपरेशनची, व्हिपलची, तिथलीच दुसरी चाचणी अर्ध्यात थांबवावी लागली: दुर्बिणीच्या ५० पैकी ५ रुग्ण गुंतागुंतीने दगावले, उघड्या ऑपरेशनच्या ४९ पैकी १. म्हणून गाठ डोक्याकडे असेल आणि सर्जन मोठ्या चिरेबद्दल बोलत असेल, तर त्याला जुनाट समजू नये.

गळती हे ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं प्रकरण. ड्रेनच्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या निचऱ्याच्या नळीच्या, पाण्यातलं अमायलेज पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी मोजतात. तिसऱ्या दिवशी ते रक्तातल्या सर्वसाधारण कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त असेल तर रस गळतोय. रुग्ण ठणठणीत असेल तर नुसती नळी ठेवून वाट बघायची. पुष्कळ जण ती नळी कमरेला बांधूनच रुग्णालयातून सुटी घेतात आणि गळती आपोआप आटते. ताप, डाव्या खांद्यात कळ, जेवण नकोसं होणं, म्हणजे आत साठतंय. मग सीटी आणि सुईने दुसरी नळी.

पण नळीत लाल रक्त दिसलं तर वाट बघायची नाही. गळलेला रस धमनीची भिंत कुरतडतो. आधी चमचाभर रक्त येतं, थांबतं, सगळे हुश्श म्हणतात, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धबधबा. त्या चमचाभर रक्तावरच सीटी अँजिओग्राफी करून जांघेतून कॉइल, म्हणजे धमनी बंद करणारी तारेची गुंडाळी, टाकला तर माणूस वाचू शकतो. चंदगडच्या टोकाहून कोल्हापूर गाठायला दोन-तीन तास लागतात. म्हणून नळी असेपर्यंत पाहुण्यांकडे का होईना, पण शहरातच राहावं.

पहिल्या आठवड्यात पेज, मऊ भात, ताक, मग थोडं थोडं करत नेहमीचं. तांबड्या रश्शावरचा कट काही आठवडे बाजूला काढायचा. शौचाला फिकट, तेलकट, भांड्यात तरंगणारं होत असेल तर पाचक कॅप्सूल लागतात. शेपटीच्या ऑपरेशननंतर हे कमी वेळा, डोक्याकडच्यानंतर नेहमीचं. २५,००० ते ४०,००० युनिट, पहिल्या घासाबरोबर. जेवण झाल्यावर घेतली तर उपयोग कमी. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. ज्यांना ते चालणार नाही त्यांना हे आधी सांगणं आपलं काम आहे. पानथरी गेली असेल तर प्लेटलेट दहा लाखांवर चढू शकतात, तेव्हा आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं. आणि पुढे आयुष्यभर, थंडी वाजून ताप आला की घरगुती काढा न करता त्याच दिवशी डॉक्टर.

खर्चाचं एवढंच: महात्मा जोतिराव फुले योजनेत बसवायचं असेल तर नेमकं कोणतं पॅकेज आणि रुग्णालयाला त्याची मान्यता आहे का, हे रेशनकार्ड घेऊन भरती होण्याआधी विचारावं. स्टेपलरची काडतुसं त्यात धरली आहेत का, हेही.

काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो, अहवाल आठवड्या-दहा दिवसांनी येतो. तोवर रुग्ण घरी, टाके सुकलेले, माणसं भेटून गेलेली, आणि अहवाल आणायला कुणी जात नाही. तो आणावा. म्यूसिनस गाठ पूर्ण निघाली असेल आणि कर्करोग नसेल तर पुढे तपासणीची गरज नाही. आयपीएमएन असेल तर उरलेल्या ग्रंथीवर आयुष्यभर नजर ठेवायची. सॉलिड स्यूडोपॅपिलरी असेल तर अनेक वर्षं. अहवालासोबत मेणाचे ब्लॉक आणि काचा मागून घ्याव्यात, आणि सुरुवातीच्या त्या सोनोग्राफीच्या कागदाबरोबर एकाच फाइलला लावाव्यात.